हद्दीपलीकडची बंदूक

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड १८८३ साली निघाला. त्याच्या शीर्षकात कुलाबा आणि जंजिरा ही दोन नावे शेजारी शेजारी आहेत. कुलाबा हा इंग्रजी मुलखातला जिल्हा. जंजिरा हे सिद्दींचे संस्थान. एकाच बांधणीत ही दोन राज्ये सुखाने नांदतात. पान उलटले की वाचक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो आणि त्याला कोणी हटकत नाही. प्रत्यक्षात मात्र ह्या पानांमधली रेघ ओलांडताना काही वस्तूंना हटकले जाई. मीठ, अफू आणि दारू ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांला येथे बंदुकीविषयी लिहावयाचे आहे; आणि तेही युद्धातल्या वा क्रांतीतल्या बंदुकीविषयी नव्हे, तर पेण-रोह्याच्या शेतकऱ्याच्या माजघरात खुंटीला टांगलेल्या, वर्षातून दोन महिने कामास येणाऱ्या ठासणीच्या बंदुकीविषयी.

विषय साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटेल. पण ज्याला आपण परवाना म्हणतो तो अखेर एक लेखच असतो, आणि लेख वाचणे हे आपले काम आहे. बंदुकीच्या परवान्याची पुस्तिका उघडून पाहावी. धारकाचे नाव, पत्ता, हत्याराचे वर्णन, काडतुसांची वा दारूची मर्यादा, मुदत. आणि ह्या सगळ्यांत एक रकाना असतो, हा परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे ते सांगणारा. पहिल्या वाचनात हा रकाना दुय्यम वाटतो. आमचे मत असे की संपूर्ण पुस्तिकेचा अर्थ त्याच रकान्यात आहे. ह्या देशात गेली जवळजवळ दीडशे वर्षे कायद्याने बंदुकीकडे जितके पाहिले त्याहून अधिक ती कोणत्या जमिनीवर उभी आहे तिकडे पाहिले. पेण आणि रोहा हे दोन तालुके हे समजून घेण्यास विशेष सोयीचे आहेत, कारण त्यांच्याभोवतीच्या हद्दी जितक्या वेळा बदलल्या तितक्या क्वचितच कोठे बदलल्या असतील.

१८७८ हे साल आपल्या अभ्यासक्रमात येते ते देशी वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीच्या कायद्यामुळे. लॉर्ड लिटनचा तो कायदा मार्च महिन्यात झाला आणि पुढे रिपनच्या कारकिर्दीत मागे घेतला गेला. त्याच वर्षी, त्याच लिटनच्या राजवटीत झालेला हत्यारांचा कायदा मात्र टिकला. १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. त्यानंतरही ती तक्रार व्यासपीठावरून वारंवार होत राहिली. युरोपियनांना ह्या कायद्यातून सूट आणि हिंदी माणसाला परवाना, हा त्यातला सर्वांत बोचणारा भाग होता. वंशावर आधारलेली ती सूट १९२० च्या सुमारास नियमांतून गेली. कायदा गेला तो थेट १९६२ च्या ऑक्टोबरात, जेव्हा १९५९ चा नवा कायदा अंमलात आला. लेखणीवरचे बंधन चार वर्षे, शस्त्रावरचे चौऱ्याऐंशी. आपल्या वाङ्मयेतिहासाने पहिल्याची जितकी दखल घेतली त्याच्या दशांशानेही दुसऱ्याची घेतली नाही, ह्याचे आम्हांला नवल वाटत नाही; लिहिणारे सारे लेखणीचेच धनी होते.

ह्या १८७८ च्या कायद्याची व्याख्या वाचण्याजोगी आहे. तिच्यात बंदूक, संगीन, तलवार, खंजीर, भाला, भाल्याचे पाते आणि धनुष्यबाणदेखील येतात, तोफही येते. म्हणजे रोह्याच्या रानातल्या कातकऱ्याचे धनुष्य आणि किल्ल्यावरची तोफ एकाच वाक्यात, एकाच स्वल्पविरामाच्या अंतराने उभी. पुढे मग कोणाला काय माफ आणि कोणत्या प्रांतात काय माफ, ह्याचे नियमांवर नियम आले. पण मूळ वाक्याने जे केले ते केले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम सहावे. ब्रिटिश हिंदुस्थानात हत्यार आणणे किंवा त्यातून बाहेर नेणे, मग ते समुद्रमार्गाने असो वा खुष्कीने, परवान्यावाचून निषिद्ध. कलकत्त्यात वा सिमल्यात बसून वाचणाऱ्याला 'ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर' म्हणजे अफगाणिस्तान वा इराणचे आखात आठवत असेल. पेण-रोह्याच्या माणसाला ते घराच्या परसातून दिसत होते. रोह्याच्या नैर्ऋत्येस मुरूड, तेथे सिद्दी नबाबाचे जंजिरा संस्थान. पूर्वेस सुधागड, म्हणजे पालीचा मुलूख, तो भोरच्या पंतसचिवांचा. नागोठण्याहून पालीच्या बल्लाळेश्वराला चालत निघालेला भाविक दुपारच्या आत परराज्यात पोहोचत असे आणि त्याच्या ध्यानीमनीही ते नसे. मुली एकीकडून दुसरीकडे दिल्या जात, बैल विकले जात, भाताची देवघेव होई. सासऱ्याने जावयाला बैलजोडी द्यावी तर ती आनंदाची गोष्ट. सासऱ्याने जावयाला बंदूक द्यावी तर कायद्याच्या शब्दानुसार तो देशाबाहेर शस्त्र पाठविण्याचा प्रकार. दोन्ही घरांत अंतर असेल पाच-सात कोसांचे.

गंमत अशी की ज्या नबाबाच्या हद्दीत ही बंदूक जावयाची, त्याची प्रतिष्ठा इंग्रज सरकार तोफांनीच मोजत होते. जंजिऱ्याला अकरा तोफांच्या सलामीचा मान होता. संस्थानिकांना हत्यारांच्या कायद्यातून सूटही होती. त्यांच्या शिकारीसाठी राखलेले जंगल मुरूडच्या डोंगरांत होते. त्या जंगलाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

कायदा करून शस्त्रांचे वहन थांबले का? कायदा झाल्यावर वर्षाच्या आत, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड उभे राहिले; फडक्यांचे जन्मगाव शिरढोण हे पनवेलहून पेणकडे येणाऱ्या रस्त्यावरच आहे. पुढे १९०९ साली विलायतेहून वीस ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या चोरतळातून मुंबईत उतरली आणि त्यांतल्या एकाने त्याच वर्षी नाशिकला जॅक्सनचा अंत केला, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्या पेटीने सातासमुद्रांची हद्द परवान्यावाचून ओलांडली. ज्याने परवाना मागितला तो मात्र अर्ज घेऊन मामलेदार कचेरीच्या ओट्यावर बसून राहिला. हद्दीचा कायदा हद्द मानणाऱ्यालाच लागू पडतो. पण हा मुद्दा इतका जुना आहे की त्यावर अधिक थांबण्याचे कारण नाही.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेकडील अनेक संस्थानांबरोबर भोर मुंबई प्रांतात विलीन झाले, जंजिराही त्याच काळात आले. पाली हे परराज्य राहिले नाही, मुरूडही राहिले नाही. एका वर्षात पेण-रोह्याभोवतीच्या दोन आंतरराज्यीय सीमा पुसल्या गेल्या आणि त्या जागी तालुक्यांच्या साध्या शिवा आल्या. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नावही कुलाब्याचे रायगड झाले. ह्या जिल्ह्याच्या इतिहासात विलीनीकरणाचे वर्णन राजकीय घटना म्हणून येते. पण एखाद्या घरात खुंटीवरच्या बंदुकीलाही त्या दिवशी नवा देश मिळाला असेल, हे कोणी लिहून ठेवलेले आम्ही पाहिले नाही.

आणि हे होते न होते तोच दुसरीकडे नवी रेघ उमटली. बेळगाव त्या वेळी मुंबई राज्यातच होते. रोह्याचा माणूस नोकरीनिमित्त बेळगावास स्थायिक झाला तर तो एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला इतकेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्या एका तारखेने जे दुभंगले त्याविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. भाषा, शाळा, पाट्या, आंदोलने. त्या यादीत आम्ही एक क्षुल्लक वस्तू घालू इच्छितो.

आमच्या एका प्राध्यापक मित्राच्या घरची ही हकिकत. गावाचे वा कोणाचे नाव येथे देत नाही. आजोबांच्या नावे रोहे तालुक्यात एकनळी बंदूक होती, शेतीसंरक्षणासाठी घेतलेली. आजोबा वारले. थोरले काका बेळगावात; धाकटे मुंबईत, त्यांना घरात बंदूक नको. काकांना ती हवी होती, चालविण्यासाठी नव्हे, वडिलांची म्हणून. परवानाधारक मरण पावला की हत्यार घरात ठेवणे बेकायदा होते. ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. तशी तरतूद १८७८ च्या कायद्यातही होती, १९५९ च्या एकविसाव्या कलमातही आहे. ठाण्यात जागा नाही, गंज चढेल, असे सांगितले गेले म्हणून बंदूक एका शहरातल्या दुकानात गेली. दुकानदाराने पावती दिली आणि महिन्याचे भाडे सांगितले. अपुरा महिना पूर्ण धरला जाईल, तेलपाण्याचे वेगळे, नोंदीचे वेगळे.

नंतर जे झाले ते कोणत्याही वाईट हेतूने झाले नाही, हे आधी सांगितले पाहिजे. काकांनी कर्नाटकात परवान्यासाठी अर्ज केला. तेथील कचेरीने हत्यार कोठे आहे असे विचारले आणि महाराष्ट्रातला ना हरकत दाखला मागितला. अलिबागेस जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृहशाखेत दाखला मागितला, तर तेथे विचारले की घेणाऱ्याजवळ परवाना आहे काय. दोन्ही प्रश्न योग्यच होते. दोघांनाही एकमेकांचे उत्तर आधी हवे होते. ह्या दोन टेबलांमध्ये पत्रे फिरत असताना दुकानातले भाडे मात्र अखंड चालू होते. अखेर कागद जुळून आले तेव्हा दुकानदाराने सांगितले, परराज्यात माल पाठविण्याचा व्यवहार आमच्या दुकानात करीत नाही. तुम्ही तिकडच्या विक्रेत्याचे पत्र आणा, तो घेण्यास तयार असेल तर पाहू. तिकडच्या विक्रेत्याने स्वतःची फी सांगितली आणि जुने हत्यार असल्याने तपासणीची वेगळी. काकांनी बेरीज केली. भाडे आणि दोन्हींकडच्या फिया मिळून रक्कम बंदुकीच्या किमतीच्या पुढे गेली होती. त्यांनी ती सरकारजमा करण्यास संमती दिली. आमचे मित्र सांगतात, त्या दिवशी काका एवढेच म्हणाले, आबांनी ती घेतली तेव्हा बेळगाव आपलेच होते.

ह्यात दुकानदारावर राग काढणे सोपे आहे, आणि आम्हीही प्रथम तो काढला. पण विचार करता असे दिसते की विक्रेता ही ह्या व्यवस्थेतली चमत्कारिक जागा आहे. सरकारला हत्यार जमा हवे, पण सांभाळण्याची जबाबदारी सगळी स्वतःवर नको. म्हणून खाजगी दुकान हे सरकारी कोठाराचे काम करते. गिऱ्हाईक तेथे स्वेच्छेने आलेले नसते, आणि सोडून जाण्याची मुभाही त्याला नसते. अशा गिऱ्हाइकाकडून भाडे घेणाऱ्याला आपण व्यापारी म्हणावे की कारकून, हा प्रश्न आम्हांला सुटलेला नाही.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहावे. तेथे बंदुकीचे स्वातंत्र्य अमर्याद आहे अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात १९६८ च्या कायद्याने तेथेही राज्याराज्यांतली हद्द उभी केली: एका राज्यातल्या खाजगी माणसाने दुसऱ्या राज्यातल्या माणसाला बंदूक परस्पर देता येत नाही, ती परवानाधारक विक्रेत्यामार्फतच जावी लागते. विक्रेता ह्या कामाची फी स्वतः ठरवितो, कोणत्या राज्याशी व्यवहार करावयाचा तेही स्वतः ठरवितो, आणि गिऱ्हाइके त्याच्या नावाने बोटे मोडतात. त्या गाऱ्हाण्यांचा सूर आमच्या मित्राच्या काकांना ओळखीचा वाटला असता. एक फरक मात्र मोठा आहे. वारसाहक्काने आलेली बंदूक ह्या आंतरराज्यीय बंदीतून तिकडच्या कायद्याने वगळली आहे. बाप मेल्यावर मुलाला ती आपल्या राज्यात नेता येते, अर्थात तेथील नियम सांभाळून. आपल्याकडे मृत्यूनंतरच सर्वांत जास्त कागद सुरू होतात.

येथे एक तपशील सांगण्याचा मोह आवरत नाही. लिटनच्या कायद्याच्या पाचव्या कलमात खाजगी माणसाने आपली बंदूक दुसऱ्या योग्य माणसाला विकल्यास विनाकारण विलंब न करता विक्रीची खबर दंडाधिकाऱ्याला वा जवळच्या ठाण्याला द्यावी, असे होते. आधी व्यवहार, मग खबर. १९५९ च्या कायद्यानेही ते सूत्र ठेवले. तो कायदा आणण्यामागे जुन्या कायद्याची जाचकता कमी करावी हा हेतूही सांगितला गेला होता. १९८३ च्या दुरुस्तीने क्रम उलटला. आता आधी लेखी खबर द्यावयाची, त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस थांबावयाचे, मग व्यवहार. १९८३ ची देशातली परिस्थिती आठवली म्हणजे ह्या कडकपणामागचे कारण कळते. पंजाब पेटलेला होता. पण परक्या सत्तेचा ज्या कायद्याला आपण नि:शस्त्रीकरणाचा कायदा म्हटले, त्यापेक्षा ह्या एका बाबतीत आपला स्वतःचा कायदा अधिक संशयी निघाला, हे नोंदवून ठेवले पाहिजे. पुढे २०१० मध्ये केंद्रीय गृहखात्याने राज्यांचे हात आणखी बांधले. अखिल भारतीय वैधता मोजक्या वर्गांनाच, इतरांना फार तर लगतची तीन राज्ये. २०१६ मध्ये नवे नियम आले, प्रत्येक परवान्याला संगणकातला ओळख क्रमांक आला. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येऊ लागली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. क्रमांकाला हद्द नसते असे वाटते, पण क्षेत्राचा रकाना पुस्तिकेत अजून आहे.

हे झाले राज्यांच्या हद्दींविषयी. पेण-रोह्याला आणखी एक हद्द आहे, आणि ती आखली वन्यजीवांसाठी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौतिसाव्या कलमान्वये अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक बंदूकधारकाला आपली नोंद वनखात्याकडे करावी लागते, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीवाचून मिळत नाही. १९८६ मध्ये मुरूड आणि रोहे तालुक्यांतले फणसाडचे जंगल अभयारण्य झाले. हेच ते नबाबाचे शिकारीचे रान. ज्या रानात एके काळी फक्त नबाबाची बंदूक चाले, त्या रानामुळे आता भोवतालच्या शेतकऱ्याच्या बंदुकीची नोंद दोन खात्यांत होते. रानातले डुक्कर मात्र कोणतीच हद्द पाळत नाही. भाताला लोंब्या आल्या की ते रात्री उतरते, आणि खाते त्याहून अधिक तुडविते. परवानगीवाचून त्याला मारता येत नाही. म्हणून शेतकरी माळ्यावर बसून नुसता बार काढतो. ठासणीच्या बंदुकीचे काम इतकेच: दारू भरावी, ठासावी, आभाळाकडे नळी करून आवाज करावा. कायद्याच्या तेराव्या कलमात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा मुद्दाम उल्लेख आहे. आमच्या मते संपूर्ण कायद्यात शेतकऱ्याचा चेहरा दिसतो तो एवढ्या एका ठिकाणी.

(जाता जाता: 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले, 'परवाना' फारसीतून. 'ठासणी' मात्र अस्सल मराठी, ठासणे ह्या क्रियापदापासूनची. ज्या हत्याराचे नाव आपले, ते कायद्याने सर्वांत निरुपद्रवी ठरविले.)

आणि हा बारही दर पाच वर्षांनी मुका होतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यारे जमा करण्याचे आदेश निघतात. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २००४ साली १३ ऑक्टोबरला झाले, २००९ साली १३ ऑक्टोबरला, २०१४ साली १५ ऑक्टोबरला, २०१९ साली २१ ऑक्टोबरला, २०२४ साली २० नोव्हेंबरला. कोकणात भात पिकण्याचा आणि कापणीचा हाच काळ. म्हणजे ज्या आठवड्यांसाठी बंदुकीचा परवाना दिला, नेमक्या त्याच आठवड्यांत ती ठाण्यात किंवा दुकानात, आणि दुकानात असेल तर भाडे देऊन. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००९ मध्ये सांगितले की सरसकट सर्वांची हत्यारे जमा करून घेणे योग्य नव्हे. प्रत्येकाच्या बाबतीत गरज तपासावी. त्यानंतर छाननी समित्या आल्या. समितीपुढे जाऊन आपले डुक्कर किती मोठे आहे हे पटवून देण्याची कला ज्याला साधते त्याला सवलत मिळते. बाकीचे बंदूक खांद्यावर टाकून सकाळच्या एस्टीने ठाण्यात जातात.

रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या सुमारास त्यांची पालखी निघते, आणि निघताना पोलीस बंदुकांनी देवाला सशस्त्र मानवंदना देतात; ही प्रथा इंग्रजी अमदानीपासून चालत आल्याचे सांगितले जाते. २००९, २०१४ आणि २०१९ ह्या तिन्ही वर्षी दसरा आचारसंहितेच्या काळात आला. मानवंदना झाली. ज्यांच्या बंदुका जमा होत्या तेही पालखीला आले होते, आणि रात्री पत्र्याचे डबे बडवीत शेतात बसले होते.